मागच्या महिन्यातलं उत्तर

हुमनाबादच्या मोटार स्टँडवर एक तरुण माझ्याकडे बघून हसला आणि मी पहिल्याच नजरेत प्रेमात पडले. नंतर कळलं, ही चौथी वेळ होती.

"कामून हसायलाव?" मी विचारलं.

"महानंदाबाई... मी काशप्पा. ते समोरचं गुळाचं दुकान माझं."

माझे वडील, अप्पा, हैदराबादच्या मोटारीची चौकशी करायला गेले होते. एरवी परक्या माणसाशी बोलायची माझी हिंमत नाही — असं मला वाटतं. पक्कं सांगत नाही.

त्याचं असं, निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर दोन वर्षं मी खजुरीच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवण नको, बोलणं नको, मीही नको. मग हैदराबादच्या दवाखान्यात डोक्याला करंट दिला... आणि काही दिवसांनी मी भाकरी मागितली. ते उदासपण परत येऊ नये म्हणून आता दर महिन्याला एक करंट. खजुरीत विजेचा खांब अजून नाही, त्यामुळे दिवेलागणीला लोक माझ्याकडेच आशेनं बघतात.

भूक लागते, झोप लागते, हसूही येतं. फक्त करंटच्या आधीचे चार-आठ दिवस पुसले जातात. वहिनी म्हणाली, हिरवं लुगडं तुम्हीच मला दिलात. सिद्धव्वा काकू म्हणाली, म्हैस देते म्हणलीस. आमच्याकडे म्हैस नाही. तरी मी दोन दिवस गोठ्यात शोधली.

"मागल्या महिन्यात मी तुमाला एक विचारलो होतो," काशप्पा चपलेकडे बघत म्हणाला. "लग्न करता का म्हणून."

"मग... काय म्हणले मी?"

त्याला काहीही सांगता आलं असतं.

"न्हाई म्हणलाव."

"कामून?"

"म्हणलाव, करंट चालूच ऱ्हाणार. एखाद्या सकाळी हा बुवा कोण म्हणून विचारीन, तुमाला वाईट वाटंल."

ते कारण मला माझंच वाटलं. आता त्या शहाण्या बाईचं ऐकावं, की माझं? ती गेल्या महिन्यातली. तिला हा माणूस खरं बोलतो हे कुठं माहीत होतं?

"व्हय म्हणले असं सांगितलं असतं तर? मी मानलं असतं."

"बायको मिळाली असती... तुमचं उत्तर मिळालं नसतं."

मोटारीनं भोंगा दिला. अप्पा लगबगीनं येताना दिसले.

"माझं उत्तर बदललंय," मी घाईनं म्हणाले. "पण उद्या करंट हाय. अप्पांना आत्ता विचारा, ते काही विसरत न्हाईत."

त्यानं विचारलं. अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मला कितीदा विचारतोस रे? दोन महिन्यांमागंच हिला विचार म्हणलो की. काय म्हणली?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"व्हय म्हणले," मी पदर सावरत म्हणाले.

"कधी?" अप्पा म्हणाले.

"आत्ताच. लक्षात ठेवा, अप्पा... मी चालले विसरायला."