अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम

ही घटना खरी आहे. शपथेवर सांगतो. आणि लोकांची भुतं रात्री येतात. आमचं सकाळी सातला आलं, लख्ख उजेडात.

आत्याचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साठायचं. म्हणून दवाखान्यानं घरी एक वजनकाटा दिला होता. रोज सकाळी त्यावर उभं राहायचं, आकडा आपोआप तिकडे पोचायचा. आकडा वाढला की नर्सबाईंचा फोन. आकडा आला नाही, तरी फोन.

त्या सोमवारी आत्याला धाप लागली होती... उठवेना.

"आत्या, तू पड. मी उभा राहतो."

आमचं दोघांचं वजन सारखंच. घरात त्यावरून कायम थट्टा.

"मेल्या, त्यांना फसवतोस?"

"एक फोन वाचवतोय."

टिंग. ५८.२.

असा मी चार दिवस उभा राहिलो. नर्सबाई इतक्या खूश, की कौतुकाचाही फोन केला. "वजन अगदी स्थिर. छान!"

आत्या मात्र आतून भरत होती.

पाचव्या दिवशी गेली. जाताना माझ्याकडे एकटक बघत होती. बोलली काहीच नाही.

आमची आत्या... आणि गप्प?

मी काट्याचे सेल काढले, काटा माळ्यावर टाकला.

आठवडा गेला. सकाळी सात...

टिंग.

माळ्यावरून.

पाठोपाठ फोन. "अठ्ठावन्न दोन. स्थिर. छान!"

"अहो, आत्या वारली!"

"हो, माहीत आहे. हे तुमच्या नावावर आलंय."

माझं नाव तिथे कुणी घातलं?

दुसऱ्या दिवशी माझे बूट पायात जाईनात. मग चपला. मग जिना चढताना धाप...

डॉक्टरांनी त्यांच्या काट्यावर उभं केलं. ५८.२.

"ग्रॅमभरही वाढ नाही. पाणी कसलं? बूट मोठे घ्या."

घरी येऊन भरलेला गॅस सिलिंडर कवटाळून शेजाऱ्यांच्या काट्यावर उभा राहिलो.

५८.२.

शेजारीण म्हणाली, "बारीक झालास हं!"

आज सकाळी उठायला गेलो. जमेना. श्वास पुरेना.

काटा पलंगाशेजारी होता. मी माळ्यावरून काढला नव्हता.

आणि त्याच्या बाजूनं, अगदी प्रेमानं...

"तू पड. मी उभी राहते."

टिंग.

पाठीला तीन उशा लावून, बसूनच हे टाइप करतोय. आडवं होता येत नाही.

फोन वाजतोय. नर्सबाई असतील.

छान म्हणतील.