दारफाळणीच्या दिवशी बारावी फेरी

व्हिक्टर नवगावकर एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. एकाहत्तराव्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी रेडिएशनच्या वीस फेऱ्या सांगितल्या, तेव्हाच त्यानं बायकोला, जेमिमाला बजावलं, वीस म्हणजे वीस, एकही चुकवायची नाही. परदेशात, थॉर्नहिलच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमधून रोज बस पकडायची, सेंटरला पोचून अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि तासभर कळ काढत बसायचं. मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरकतात आणि किरण नेमके गाठीवर पडतात. आधी स्कॅन, मग किरण. मशीनवर नागपूरची कृतिका असायची. अकरा फेऱ्या बिनबोभाट झाल्या.

बारावी नेमकी दारफाळणीच्या दिवशी आली. बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, हा मोठा उपास, अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. गेलेली माणसं त्या दिवशी घरी आलेली असतात, म्हणून दार लावून आत बसायचं. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, त्यांना निरोप द्यायचा. आजाऱ्याला पाणी चालतं, असं रबायनं स्वतः सांगितलं होतं. पण या गृहस्थाला उपासही मोडायचा नव्हता आणि फेरीही चुकवायची नव्हती. पहाटेपासून वॉशरूमला गेलो नाही, तेवढं पुरेल, असा त्याचा हिशोब.

"निदान आज तरी दार उघडू नका," जेमिमा म्हणाली.

त्यानं उघडलं.

बस खच्चून भरली होती. त्याच्या शेजारची सीट मात्र रिकामीच राहिली. लोक तिच्याकडे बघायचे आणि उभेच राहायचे. सेंटरमध्ये टेबलावर आडवा झाला, तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

स्कॅन झाला. एरवी स्पीकरवरून बोलणारी कृतिका आज आत आली.

"काका, आज पाणी जास्त झालं. ब्लॅडर काठोकाठ आहे."

व्हिक्टरनं कोरडी जीभ ओठांवरून फिरवली.

मग तिनं जरा घुटमळत विचारलं, डावा खुबा कधी मोडला होता? कालच्या फोटोत काही नव्हतं. नेम धरायला गाठीत बसवलेल्या खुणा मात्र तंतोतंत जुळत होत्या, म्हणजे माणूस तोच.

डावा खुबा बाबांचा मोडला होता, माडावरून पडून. याच दुखण्यानं गेले ते. शेवटचे दिवस लघवी कोंडून नुसते तळमळत होते. तेव्हा अलिबागला कसले किरण अन् कसलं काय! वीस वर्षांचा व्हिक्टर उशाशी बसून रडण्यापलीकडे काही करू शकला नव्हता. आता भीती होतीच, पण त्याहून जास्त भडभडून आलं.

"सुरू कर," तो म्हणाला, आणि बाबांच्या गाठीवरचा नेम चुकू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत पडून राहिला.

नंतर वॉशरूममध्ये चार थेंबही आले नाहीत.

शिळ्या सणाला जेमिमानं दानधर्म केला, दार उघडं टाकून आल्यागेल्यांना रीतसर निरोप दिला. व्हिक्टरला हलकं वाटलं. एक फेरी बाबांना गेली तर जाऊ दे, पुढच्या आठ आपल्याच. तो नेमानं पाणी प्यायला आणि तेराव्या फेरीला टेबलावर चढला.

कृतिका पुन्हा आत आली. खुबा आज साफ होता म्हणे.

"काका, तुम्ही मिलिटरीत होता का? ओटीपोटात छर्रा दिसतोय."

एझ्राकाका. पासष्टच्या लढाईतून तो छर्रा घेऊनच घरी आले होते. पुढे गेले तेही याच दुखण्यानं.

"थांबू या का?" तिनं विचारलं.

"नाही. चालू दे."

ती बाहेर गेली. जाड दार बंद झालं. मशीन गुणगुणत त्याच्याभोवती फिरू लागलं.

हलायचं नव्हतं, म्हणून व्हिक्टर मनातल्या मनात मोजू लागला. यानंतर फेऱ्या उरत होत्या सात. मग घराण्यात या दुखण्यानं गेलेले मोजायला घेतले. आजोबा. थोरले काका. आजोबांचे दोन्ही भाऊ.

सात झाले, तरी नावं संपेनात.