दुसरं माप

ताई आज भलतीच खुशीत होती. बाह्या वर सारून ती शेडमध्ये शिरली तेव्हा भंगारवाल्याची लॉरी फाटकाशी येऊन उभीही राहिली होती, पण तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शब्द म्हणजे शब्द. ट्रॅक्टर चालू झाला तर ताईचा, नाही झाला तर धाकट्याने तो भंगारात द्यायचा, असं भावाबहिणीचं ठरलेलं. बाबा गेले तेव्हापासून गाडी तिथेच होती आणि बॉनेटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता.

बाबांनी लेकीला तेलपाणी बघायला शिकवलं, सीटवर मात्र कधी बसू दिलं नाही. "बघू पुढच्या वर्षी," म्हणायचे. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. म्हणून तर बाई हट्टाला पेटली होती. नवी बॅटरी आणि डिझेल तिने सकाळीच आणून घातलं होतं. आता राहिलं तेलपाणी.

तिने इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टी कोरडी ठणठणीत, टोकाला गंज.

"झालं?" धाकट्याने दारातून विचारलं. "बोलवू त्याला आत?"

"थांब रे. पहिलं माप खोटं असतं. पुसून परत बघायचं."

ही बाबांची शिकवण. पट्टी पुसायची, परत आत घालायची, मग निघेल ते खरं. ताईने चिंधीने पट्टी नीट पुसली, आत सारली, पुन्हा काढली.

तेल वरच्या खुणेला टेकलेलं. तेही कसं, स्वच्छ, मधासारखं.

ताईच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाबा जाण्याआधी भरून गेले असणार. ती रेडिएटरकडे वळली. झाकण काढलं तर आत टिपूस नाही. ती नळावरून बादली भरून आणायला गेली आणि परत येऊन बघते तो पाणी गळ्यापर्यंत भरलेलं.

"शहाण्या, तूच ओतलंस ना?" ती हसली. "आतून तुलाही गाडी हवीच आहे."

"मी हललोसुद्धा नाही इथून," धाकटा म्हणाला.

तिने पाण्यात बोट बुडवलं. पाणी कोमट होतं. शेडमध्ये उन्हाची तिरीपही येत नव्हती.

आता तिला थांबवणार कोण! मागच्या गिअरपेटीचं बूच तिने फिरवलं. पहिल्यांदा कोरडं, पुसून घातलं तर ओलं. ब्रेकऑइलच्या डबीचंही तेच. ती गाडीभोवती भिंगरीसारखी फिरत होती, हात काळे, चेहरा फुललेला. धाकटा मात्र आत आला आणि ताईने आणून कोपऱ्यात ठेवलेला तेलाचा डबा उचलून उलटसुलट बघू लागला.

"ताई, याचं सील तर तसंच आहे."

"मग?"

"मग तू भरलंस काय?"

ताईने खांदे उडवले.

"जाऊ दे गाडी," तो हळूच म्हणाला. "मी तुला दुसरी घेऊन देतो. नवी. शप्पथ."

"वा रे वा. हरायची वेळ आली की शप्पथ. हो बाजूला."

तो मुकाट्याने फाटकाकडे गेला. ताई मडगार्डला धरून चढली आणि सीटवर बसली.

सीट गरम होती.

तिने चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं, ना खोकलं ना अडखळलं. धुराचा एक गोळा वर गेला, कोंबड्या सैरावैरा पळाल्या. भंगारवाल्याने कपाळाला हात लावला आणि लॉरी वळवायला घेतली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकली होती ती. गाडी तिची होती.

तिने गिअर पुढे ढकलला. करकर न होता तो पहिल्यात पडला.

ट्रॅक्टर अलगद हलला. शेडबाहेर, उन्हात, सरळ रेषेत.

फाटकाशी उभ्या धाकट्याचा जीव भांड्यात पडला. त्याला हसू फुटलं.

"मानलं तुला, ताई," तो ओरडला. "क्लच सोडावा तर असा. झटकासुद्धा नाही. कधी शिकलीस?"

ताईने क्लचकडे पाय नेला होता, पण तो टेकण्याआधीच पेडल खाली गेलं होतं. तेव्हापासून तिने दोन्ही पाय वर, सीटवर उचलून घेतले होते.