काचेच्या आतली खूण

दिवा जरा इकडे सरकवा. थाप मारताना माझी डावी भुवई वर चढते असं बायको म्हणते, तेव्हा त्या भुवईवर नजर ठेवा. घोड्याला चष्मा बसवल्याची गोष्ट सांगताना ती पार केसांत शिरली होती, हे कबूल. पण ही गोष्ट मी रंगवायला सांगत नाहीये. आभार मानायला सांगतोय. ज्याचे मानायचे तो समोर बसून ऐकणारा नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

गेल्या वर्षी आम्ही बेटावर सुट्टीला जायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, बायको, आई आणि मुलगी. मुलगी पंधरा वर्षांची, पण प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते, म्हणून घरात तिला वकीलसाहेब म्हणतात. बेटावर दोन डोंगर आणि दोन्हींच्या माथ्यावर वेधशाळा. एका डोंगरावरून सूर्य न्याहाळतात. दुसरा त्याच्या दुप्पट उंच. तिथल्या घुमटाखाली एका खोलीएवढा आरसा आहे आणि त्यातून रात्री आकाश बघतात. दिवसा लोकांना तो आरसा दाखवतात.

आईचं वय चौऱ्याहत्तर. समुद्रात तिला रस नव्हता. "मला त्या उंच डोंगरावर ने," ती म्हणाली. "तुझे वडील तिथून जवळ पडतील. दोन शब्द सुनावायचे राहिलेत."

आमच्या घरात कुठलाही बेत जेवणाच्या टेबलावर होतो. टेबलावर जाड काच आहे. तिच्याखाली मोठा पांढरा कागद सरकवायचा, त्यावर पेन्सिलीने दिवस, वेळा, बोटी, गाड्या. जेवता जेवता सगळ्यांना दिसतं आणि आमटी सांडली तरी बेत शाबूत राहतो. काच एवढी जड की उचलायला दोन माणसं लागतात. हे लक्षात ठेवा.

बेत मीच आखत होतो आणि मला दोन्ही वेधशाळा एकाच दिवसात बसवायच्या होत्या. सकाळी सूर्याची, दुपारी आरशाची. अडत होतं एका जागी. उंच डोंगराच्या निम्म्यावर एक विश्रांतिगृह आहे. वर हवा विरळ, म्हणून तिथे तासभर थांबून अंगाला सवय होऊ द्यायची आणि मगच वर जायचं, असं माहितीपत्रकात छापलं होतं. पण तो तास धरला की आरशाची वेळ चुकत होती. मी तास खोडला आणि लिहिलं, 'दहा मिनिटं, चहा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो, तर त्या दहा मिनिटांभोवती लाल वर्तुळ. वर्तुळाच्या मधोमध ठिपका.

माझा घास हातातच राहिला. कारण ती खूण मला ओळखीची होती.

आता जरा मागे जातो. धंदा माझा चष्म्याचा. आज भिंगं तयार येतात, पण मी शिकलो तेव्हा काच हाताने घासत. मला शिकवलं काचमास्तरांनी. काच लोखंडी बैठकीवर गरम राळेने चिकटवायची, वाळू आणि पाणी घालून घासायची, आणि काढण्याआधी तासभर निवू द्यायची. गरम काच फसवते, असं मास्तर म्हणत. हातात बरी वाटते आणि मग तडकते. भिंग झालं की मास्तर त्यावर 'हाः' करून श्वास सोडत, पुसत आणि लाल मेणाच्या पेन्सिलीने खूण करत. तिरपी छोटी रेघ म्हणजे ठीक, गिऱ्हाइकाला द्या. वर्तुळात ठिपका म्हणजे थांब, पुन्हा तपास. पेन्सिलीचं टोक ते दिव्यावर धरून मऊ करत. केलेली खूण तासाभरात दगडासारखी घट्ट होई. त्याआधी बोट लागलं की बोट लाल.

एकदा मी घाई केली. तास भरायच्या आत काच काढली. तडकली. मी सांगितलं, मांजराने पाडली. दुकानात मांजर नव्हतं. मास्तर बराच वेळ माझ्या भुवईकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मांजराला सांग, पुढच्या वेळी तासभर थांब."

मास्तरांची एकच इच्छा होती: तो डोंगरावरचा आरसा एकदा बघायची. "एवढी मोठी काच घासली कशी असेल रे?" असं विचारायचे. मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नेतो. अशी नऊ वर्षं गेली आणि मग मास्तर गेले. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. त्यांच्या लाल पेन्सिलीचं पेरभर थोटूक माझ्या दुकानातल्या खणात कुलपात होतं.

तर ते लाल वर्तुळ बघून मी वर मान केली. तिघी माझ्याकडेच बघत होत्या.

"बाबा, छान जमलंय," वकीलसाहेब म्हणाल्या. "काच उचलायला कुणाला घेतलंत?"

"मी नाही केलं."

"अहो, भुवई," बायको म्हणाली.

खरं सांगतो, भुवई जागच्या जागी होती. पण आयुष्यभर थापा मारल्यावर खऱ्याला साक्षीदार कुठून आणणार? मी मुलीला हाताशी घेतलं, काच उचलली, कागदावरची खूण खरवडून काढली आणि काच परत ठेवली.

दुसऱ्या दुपारी खूण पुन्हा आली होती. या वेळी जोर देऊन काढलेली. कागदाला खळगा पडला होता. आणि टेबलाजवळ वास होता. गरम राळेचा. आमच्या घरात कधीही राळ आलेली नव्हती.

बायको या वेळी हसली नाही. "हा खेळ पुरे आता," एवढंच म्हणाली. तीही खूण आम्ही काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून घरी थांबलो. बायको कामावर, मुलगी शाळेत, आई आतल्या खोलीत झोपलेली. मी टेबलाशी बसलो. भर दुपार. खिडकीतून ऊन येऊन काचेवर पडलं होतं. रस्त्यावर कुणीतरी सायकल उभी केली, तिची घंटी किणकिणली, आणि मग आवाजच संपले. नळ ठिबकायचा थांबला. आईचं घोरणं ऐकू येईनासं झालं. मला वाटलं, कान बसले.

मग आवाज आला. सर्र... सर्र... सर्र... ओली वाळू आणि काच. सावकाश, एका लयीत, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, मास्तरांचा हात फिरायचा तसा. आवाज भिंतीतून नव्हता, खालूनही नव्हता. माझं कोपर ज्या काचेवर टेकलं होतं, त्या काचेतून येत होता. मला तो हाडांत जाणवत होता. राळेचा वास एवढा दाटला की डोळ्यांना पाणी आलं.

आवाज थांबला.

काचेवर वाफेचा एक डाग उमटला. तळहाताएवढा. मी बोटाने पुसायला गेलो, पुसला जाईना. तो आतल्या बाजूने होता. कुणीतरी खालून, काच आणि कागद यांच्यामध्ये तोंड नेऊन, 'हाः' केल्यासारखा... आणि त्या वाफेखाली, माझ्या डोळ्यांदेखत, लाल ठिपका आला. मग त्याच्याभोवती रेघ फिरायला लागली. घाई नाही, काही नाही.

"मास्तर...?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

रेघ क्षणभर थांबली. मग तिने वर्तुळ पुरं केलं.

"थांबतो," मी म्हणालो. "तासभर... थांबतो."

वाफ विरली. आतून आईचं घोरणं पुन्हा सुरू झालं. तो आवाज मला इतका गोड कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी मी बेत बदलला. सूर्याची वेधशाळा वेगळ्या दिवशी टाकली, त्यापायी समुद्रातली सहल गेली आणि वकीलसाहेबांनी दोन दिवस अबोला धरला. विश्रांतिगृहापुढे मी लिहिलं, 'पूर्ण एक तास.' त्यानंतर कागदावर काही उमटलं नाही.

बेटावर उंच डोंगराचा दिवस आला. विश्रांतिगृहापर्यंत सगळे मजेत होतो. आई तर ड्रायव्हरला गाणी म्हणून दाखवत होती. ड्रायव्हर घड्याळ बघून म्हणाला, "साहेब, आजी ठणठणीत आहेत. बाकीचे लोक दहा मिनिटांत चहा पिऊन निघतात. तासभर काय करणार?"

"बसणार," मी म्हणालो.

"अहो, खरंच काही गरज आहे का?" बायको हळूच म्हणाली.

"आहे."

तिने माझी भुवई बघितली आणि पर्स मांडीवर ठेवून बसली.

चाळीस मिनिटं झाली. आई खिडकीपाशी ढग बघत होती. मग म्हणाली, "अरे, मला जरा..." आणि वाक्य पुरं न करता माझ्या खांद्यावर कलंडली. ओठ निळे. तिथल्या परिचारिकाबाई धावत आल्या. आईच्या बोटाला यंत्र लावलं, आकडा बघून त्यांचा चेहरा बदलला. प्राणवायूचं नळकांडं, तोंडावर मास्क, पाठीशी उशा. वीस मिनिटं मी आईचा हात धरून होतो आणि त्या वीस मिनिटांत माझ्या तोंडून एकही गोष्ट निघाली नाही.

रंग परत आला. परिचारिकाबाईंनी मला बाजूला घेतलं. "यांचं हृदय दमलेलं आहे, तुम्हाला कल्पना नव्हती?"

नव्हती. आई दुखणं सांगेल तर शपथ.

"दहा मिनिटांत निघाला असतात तर हे वर माथ्यावर झालं असतं," त्या म्हणाल्या. "तिथे ही सोय नाही. आणि इथे खाली यायला अर्धा तास लागतो."

मी बाहेर जाऊन कठड्याला टेकलो आणि रडलो. बायको मागून आली. माझ्या शेजारी कठड्याला टेकली. मग म्हणाली, "ते वर्तुळ तुम्ही काढलं नव्हतं ना?"

"नाही."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. म्हणून तर मी रागावले."

आई वर गेली नाही. "तुझ्या वडिलांना सांग, एवढ्यात येत नाही," म्हणाली. दोन दिवस तिला बेटावरच्या रुग्णालयात ठेवलं, औषधं सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी तिनेच मला हाकललं. विश्रांतिगृहात तासभर बसून मी एकटा माथ्यावर गेलो. घुमटाखाली गारठा होता. रात्री बाहेरच्या हवेशी तापमान जुळावं म्हणून त्या आरशाला दिवसभर गार ठेवतात, असं मार्गदर्शक सांगत होता. मी खिशातून लाल पेन्सिलीचं थोटूक काढलं आणि हात उंच धरला.

"मास्तर, बघा," मी म्हणालो. "आणि... उपकार झाले."

मार्गदर्शकाने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मी त्याला घोड्याची गोष्ट सांगितली, तेव्हा मला वेड लागलंय अशी त्याची खात्रीच पटली.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे परिचारिकाबाईंचे आभार मानायला डोंगराच्या पायथ्याच्या फाटकापर्यंत गेलो. आईला त्याच्या वर न्यायचं नव्हतं, म्हणून परिचारिकाबाईच खाली आल्या. त्यांनी आमचा चौघांचा फोटो काढला. घरी आल्यावर मी तो मोठा करून घेतला, दुकानात स्वतः काच कापली, चौकट बसवली, मागून खिळे ठोकले आणि भिंतीवर लावला. आई रोज त्याच्यासमोर गोळी घेते. तब्येत उत्तम आहे. वर्षभर हे असंच चाललं.

पंधरा दिवसांपूर्वी वकीलसाहेब फोटोसमोर उभ्या होत्या. "बाबा," म्हणाल्या, "हे काय?"

आईच्या अंगावर तिरपी छोटी लाल रेघ होती. बायकोच्या अंगावर रेघ. मुलीच्या अंगावर रेघ. तिघी ठीक.

माझ्या छातीवर वर्तुळ, आणि वर्तुळात ठिपका.

काचेच्या आतल्या बाजूने.

बायको मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. सगळ्या तपासण्या झाल्या. ठणठणीत आहात, म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा तपासा. पुन्हा तपासलं. पुन्हा ठणठणीत. आता बायको मला रोज दुपारी तासभर आडवं करते, गाडी चालवू देत नाही, जिना चढताना मागे उभी राहते. मी ऐकतो. ज्याने माझी आई मला परत दिली, त्याच्या खुणेशी हुज्जत घालायची माझी हिंमत नाही, आणि इच्छाही नाही. घाबरतो, पण आधी हात जोडतो.

फक्त एक सांगायचं राहिलं. पंधरा दिवसांची खूण दगडासारखी घट्ट असायला हवी. आज तुम्ही यायच्या थोडं आधी मी फोटो उतरवला. मागचे खिळे जसेच्या तसे होते. ते काढले, काच सोडवली आणि माझ्या वर्तुळावर हलकेच बोट ठेवलं.

दिवा जवळ आणा. भुवईकडे नका बघू. या लाल बोटाकडे बघा.