ज्यांना गौरव दिसला

त्या गुरुवारी सुधाबाईंनी सौंसरहून पांढुर्ण्याची बस धरली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत तांब्या आणि कागदाच्या पुडीत चमचाभर काळे तीळ. शेजारच्या केसरबाईंनी फाटकातूनच विचारलं होतं, "कुठं चालल्या?" "प्रतीककडे, गौरवचा पिक्चर पाहाले," असं सांगून त्या निघाल्या. तिळाचं काही बोलल्या नाहीत. निघण्याआधी स्वयंपाकघरात रोजचं ताट मात्र झाकून ठेवलं होतं. भाकरी, गवारीची भाजी आणि गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, फोडणी दिलेलं वरण.

ताट गौरवचं. गौरव म्हणजे सुधाबाईंचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी, सत्तावीस वर्षांचा असताना, काकांच्या संत्र्याच्या बागेत एकटाच स्वतःचा सिनेमा काढायला गेला आणि परत आला नाही. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू सापडला, झाडाखाली चपला सापडल्या. विहीर उपसली, पोलिसात फोटो दिला, नागपूरचे दवाखाने पालथे घातले. पोराचा पत्ता नाही तो नाहीच.

आणि तरी ताट रोज रिकामं होत होतं. दुपारी सुधाबाई आडव्या व्हायच्या, तासाभराने उठून बघायच्या, तर ताट बोटाने पुसून खाल्ल्यासारखं लख्ख आणि काठावर गोडलिंबाची पानं एका ओळीत लावलेली, देठं सगळी बाहेरच्या बाजूला. गौरव लहानपणापासून पानं अशीच लावायचा. त्यावरून त्याने बापाचा मारही खाल्ला होता.

त्यांचे यजमान दिलीपराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणायचे, "तूच खाते आणि तूच पानं लावते. डोक्यावर परिणाम झाला तुझ्या." सुधाबाई वाद घालायच्या नाहीत. दोन-चार वेळा त्यांनी जागं राहून पाहिलं होतं. जागं राहिलं की ताट भरलेलंच राहायचं. पोरगं उपाशी जातं म्हणून मग त्या रोज नेमाने झोपायच्या. पण झोपेतसुद्धा जीव दाराकडे लागलेला असायचा, आणि एकदा तरी त्याचं तोंड दिसावं यासाठी त्या तळमळत होत्या.

गेल्या वर्षी गौरवच्या धाकट्या बहिणीचं, शिवानीचं, लग्न ठरत होतं. सोयऱ्यांनी विचारलं, तुमचा मुलगा आहे की नाही, ते एकदाचं सांगा. नाहीशा झालेल्या माणसाचं क्रियाकर्म करण्याआधी बारा वर्षं वाट पाहायची असते. दिलीपरावांना तेवढी वर्षं परवडणारी नव्हती. त्यांनी दुसऱ्या गावचा गुरुजी गाठला, कन्हान नदीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला आणि दहाव्याला जमलेल्या सगळ्यांनी गौरवच्या नावाने तिळाचं पाणी सोडलं. सुधाबाई गेल्या नाहीत. त्या दिवशीही त्यांनी ताट वाढलं आणि ते रिकामं झालं.

गौरवचा मित्र प्रतीक पांढुर्ण्यात लग्नाचं शूटिंग करतो. त्याने त्या कॅमेऱ्यातले तुकडे वर्षभर खपून जोडले, आणि जानेवारीत सौंसरच्या एका मंगल कार्यालयात, भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून, चाळीस मिनिटांचा तो सिनेमा दाखवला.

गोष्ट अशी त्यात काही नव्हतीच. संत्र्यांचा ढीग चढावर गडगडत जातो. बैल उलट्या पावली मागे चालतो. नदीच्या कोरड्या पात्रात एक बाज, तिच्यावर धुतलेलं धोतर, आणि ते आपोआप भिजत जातं. शेवटची दहा मिनिटं नुसत्या झाडांच्या रांगा. कॅमेरा हलत नाही, पान हलत नाही, आवाज म्हणाल तर कुणीतरी लांबवर श्वास घेतल्यासारखा.

सतरंज्या काढल्या आणि भांडण जुंपलं.

"हा काय पिक्चर आहे?" कापसाचे व्यापारी गुणवंता म्हणाले. "झाडं, झाडं आणि झाडं. माणूस औषधाले नाही."

"माणूस नाही कसा?" हेमराज, गौरवचे काका, डोळे पुसत होते. "सगळा वेळ गौरवच तर आहे त्यात."

अर्धं कार्यालय हेमराजांच्या बाजूने, अर्धं गुणवंतांच्या. कुणी म्हणे डोळे तपासून घ्या, कुणी म्हणे मेलेल्या पोराची थट्टा चालवली आहे. प्रतीक बिचारा मध्ये उभा राहून शपथेवर सांगत होता, कॅमेरा गौरवच्याच हातात होता, तो स्वतः एकाही चित्रात नाही. सुधाबाई खुर्च्यांमध्ये उभ्या राहून एकेकाचं तोंड बघत होत्या. हेमराज, त्यांची बायको, आत्याबाई, मामा... गौरव दिसला म्हणणारे सगळे कन्हानवर पाणी सोडून आलेले. केसरबाईंना दिसला नव्हता, प्रतीकला नव्हता, आणि सुधाबाईंनाही नव्हता.

घरी जाताना त्यांनी दिलीपरावांना विचारलं, "अहो, तुम्हाला दिसला?"

दिलीपराव पुढे बघतच म्हणाले, "दिसला."

"काय करून राहिला होता?"

"जेवून राहिला होता." मग अगदी हळू, "आपल्याच घरी..."

त्या दिवसापासून 'तूच खाते' हे त्यांचं बोलणं बंद झालं. दुपारी ते घरात थांबेनासे झाले. बाहेरच्या पायरीवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसून राहायचे.

आणि सुधाबाई जळायला लागल्या. दोन वर्षं मी रांधते, आणि बघतात दुसरेच! त्याला मेला म्हणणाऱ्यांना तो दिसतो, आणि जिवंत म्हणणाऱ्या आईला झाडं! मोबाइलवर त्यांनी तो सिनेमा वीस वेळा पाहिला. एका चित्रावर बोट ठेवून तासन्‌तास बसल्या. अखेर पुडीत तीळ बांधले.

पांढुर्ण्याला उतरून त्या सरळ जाम नदीवर गेल्या. डोक्यावर ऊन होतं, पात्रात गोट्यांमधून जेमतेम पाणी होतं, आणि कुजलेल्या संत्र्यांच्या सालीचा वास सुटला होता. काठावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी तांब्या भरला, तीळ घातले. नाव घ्यायला तोंड उघडेना. "एकदाच पाहू दे," त्या पाण्याला म्हणाल्या, "मग पुन्हा नाही मागणार." नाव घेतलं आणि अंगठ्यावरून पाणी सोडलं. पडलेल्या पाण्याचा आवाज झाला नाही.

प्रतीकने दुकानाच्या मागच्या खोलीत पडदे ओढले. "काकू, परत तेच पाहता? त्रास होईल तुम्हाला."

"लाव."

संत्री चढावर गेली, बैल मागे गेला, झाडांच्या रांगा आल्या. आणि रांगेच्या टोकाकडून गौरव चालत आला.

अनवाणी होता. वाळला होता, दाढी वाढली होती. गेला तेव्हापेक्षा दोन वर्षांनी मोठा दिसत होता. सुधाबाईंनी तोंडात पदर कोंबला. किती बघू असं झालं त्यांना. तो बाग ओलांडून रस्त्याला लागला, केसरबाईंच्या फाटकावरून पुढे आला, आपल्या अंगणात शिरला. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत झाकलेलं ताट दिसत होतं, आज सकाळी ठेवलेलं.

उंबऱ्याशी तो थांबला. पाऊल उचललं... आणि तसंच खाली ठेवलं. चौकटीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. परक्या घरात चुकून शिरल्यावर माणूस ओशाळतो तसा ओशाळला, आणि मागे वळला.

"आत ये ना..." सुधाबाई म्हणाल्या. "तुझंच आहे ते. गौरव... आत ये."

"काकू, कोणाशी बोलून राहिल्या?" प्रतीक पडद्याकडे बघत होता. त्याच्यासमोर झाडंच होती.

"मागं घे. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा गौरव फाटकापर्यंतच आला. तिसऱ्यांदा रस्त्यावरूनच तो इकडेतिकडे बघत निघून गेला. चौथ्यांदा नुसती झाडं होती.

त्या घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. ताट भरलेलं होतं, वरणावर साय धरली होती. दिलीपराव पायरीवर बसले होते. त्यांनी पिशवीतला तांब्या पाहिला.

"सोडलं पाणी?"

सुधाबाईंनी हो म्हणून मान हलवली.

"मला वाटलं होतं, तू नाही सोडणार," दिलीपराव म्हणाले, आणि टॉवेल तोंडावर घेऊन हमसून रडायला लागले. शिवानीच्या लग्नातही ते असे रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुधाबाई झोपल्या, ताट भरलेलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी केसरबाई फाटकातून म्हणाल्या, "काहो, तुमच्याकडचं मांजर आमच्याकडे येऊन राहिलं काय? काल दुपारी भाकरी झाकून ठेवली, सफाचट केली. आणि गोडलिंब पाहा, ओळीनं लावून गेलं."

सुधाबाई ताट घेऊन धावल्या आणि हातापाया पडून ते केसरबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवलं. त्याला कुणी शिवलं नाही. त्या दिवशी पानं निघाली चार घरं सोडून. मग वळणावरच्या घरी. मग बसस्टँडजवळच्या खानावळीत. सुधाबाई रोज दुपारी ताटावर फडकं बांधून उन्हात निघायच्या, जिथे ऐकलं तिथे जायच्या, आणि रोज एक दिवस उशीर झालेला असायचा.

परवा त्या बोरगावात पोचल्या. गावाच्या कडेला अंबाबाई नावाच्या म्हातारीचं घर आहे. ओसरीवर तिचं ताट पालथं होतं आणि शेजारी जमिनीवर पानांची ओळ होती, अजून हिरवी.

"झोपली होती मी," अंबाबाई म्हणाली. "अर्धवट झोपेत ऐकलं. दारात कोणी पोरगा उभा होता, म्हणे, मावशी, सौंसरच्या सुधाबाईचं घर कोणत्या बाजूनं? सापडून नाही राहिलं."

सुधाबाईंनी हातातलं ताट ओसरीवर टेकवलं. "मग? काय सांगितलं तुम्ही?"

"हात केला मी झोपेतच, जा म्हटलं असा. तर गेला बापडा." अंबाबाईने उजवा हात उचलला, थांबली, मग डावा उचलून पाहिला. "कोणत्या बाजूले केला, ते काही आठवून नाही राहिलं..."