काजळी धरलेली काच

सूर्य मावळताना आभाळ आणि जमीन यांचं कधी जमत नाही, अशी अनसिंगच्या उकंडरावाची जुनी तक्रार होती. आभाळाला सोसेल एवढाच उजेड कॅमेऱ्यातल्या प्लेटवर घेतला तर खालचं शिवार कोळसा होऊन बसायचं. शिवार दिसावं म्हणून भिंग थोडं जास्त वेळ उघडं ठेवलं तर आभाळ नुसतं पांढरं फटक, वाळत घातलेल्या धोतरासारखं. ढगांचा मागमूस नाही. लग्नकार्याचे, पाटलांच्या घरचे फोटो तो काढून द्यायचा, पण नाइलाजाने. माणसांच्या तोंडांत त्याला राम वाटत नसे. गावाबाहेरच्या माळावरून दिसणारी संध्याकाळ, काळी जमीन, मधलं एकटं मोहाचं झाड आणि वर पेटलेलं आभाळ, हे सगळं एका प्लेटवर आणून नागपूरच्या प्रदर्शनात लावायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. शेती वाट्याने दिलेली. घर आत्या धुरपताबाई आणि बायको प्रयागबाई ओढत होत्या. तेव्हा छंद करायला त्याचं काय जात होतं? गावात लोक त्याला ‘फोटूवाले राव’ म्हणत आणि पाठ फिरली की हसत.

त्याच्या दुखण्यावर इलाज होता. मुंबईच्या एका दुकानात तसली काच मिळते, हे त्याला ठाऊक होतं. वरच्या अंगाला गडद, खाली येता येता फिकट, अर्ध्याखाली अगदी साफ. भिंगापुढे लावली की गडद भाग आभाळाचा उजेड अडवतो आणि साफ भाग जमिनीला मोकळं सोडतो. त्याने काच मागवली. ती टपालात फुटून आली. त्या दिवशी तो जेवला नाही.

प्रयागबाईची मागणी याहून लहान होती. तिला आपला एक फोटो हवा होता.

मुलगी विजयमाला बोलायला लागली तरी फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो घरात नव्हता. तिने विषय काढला की उकंडरावाचं उत्तर ठरलेलं. “आज उजेड बरा नाई.” तो खोटं बोलत होता असंही नाही. त्याच्या हिशेबी माणसाच्या तोंडाला पुरेल असा उजेड आभाळाकडून कधी उरतच नसे.

एकदा अंगणात त्याने कॅमेरा लावला असताना तिने कौतुकाने काळ्या कापडाखाली डोकं घातलं होतं. मागच्या दुधी काचेवर पाहिलं आणि तिला हसू आलं.

“अवो, हे तं सगळं उलटं हाय!”

“भिंगातून येते ते उलटंच येते. झाड काय अन् राजा काय.”

तेवढ्यात कापड तिच्या खांद्यावरून घसरलं. मागचा उजेड आत शिरला आणि त्याच काचेत तिला आपलं तोंड दिसलं, नथीसकट, अगदी सरळ.

“मंग हे सुलटं काहून?”

“ते भिंगातलं नाई, अलीकडचं हाय. तुहंच तोंड काचेत पडलं. कापड नीट घे.”

ती पाहतच राहिली. “तेवढं धरून ठेवा नं,” ती म्हणाली. उकंडराव हसला आणि तिला बाजूला व्हायला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने पडली. एका दुपारी जरा उतार पडला तशी उठली, कारंजाच्या बाजारातून त्यानेच आणलेलं रुईफुली किनारीचं लुगडं नेसली, नथ घातली, कुंकू रेखलं आणि अंगणात खुर्ची ओढून बसली. नेमकी त्याच वेळी पावसाने उघडीप दिली होती आणि मावळतीला ढगांचे डोंगर चढत होते. उकंडरावाच्या खांद्यावर कॅमेरा होता.

“उद्या काढू,” तो म्हणाला. “ढग काई थांबत नाईत.”

अंधार पडल्यावर तो माळावरून परतला तर ती अजून खुर्चीतच, ताठ, हात मांडीवर ठेवून. धुरपताबाई दारात वैतागून उभी होती. “हजारदा सांगतलं घरात चाल म्हनून. म्हनते, ते येतीन.” त्याने तिला धरून आत नेलं. अंग चटके देत होतं. नंतर ती अंथरुणातून उठली नाही. आणि ज्या ढगांसाठी तो गेला होता, ती प्लेट धुतली तर आभाळ पुन्हा पांढरंच निघालं.

माणूस गेलं की जिथे जीव गेला तिथे जमिनीवर पीठ पसरायचं, त्यावर दिवा ठेवायचा आणि वर टोपली झाकायची, ही रीत. दहाव्याला टोपली काढून पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते पाहायचं. चिमणीचं असो, गाईचं असो, मेलेल्याला वाट सापडली एवढं घरच्यांना कळलं की पुरे. उकंडराव असल्या गोष्टींना हसणारा. सुतकात घरात बसून त्याचे हात शिवशिवत होते. त्या टोपलीखाली एरंडेलाचा दिवा वाऱ्याविना एकसारखा जळत होता, आणि एरंडेलाची काजळी सगळ्यात मऊ असते हे त्याला माहीत होतं. बायका त्यावरच तर डोळ्यांचं काजळ धरतात. त्याने मनात म्हटलं, मुंबईची काच गेली खड्ड्यात.

आत्या चुलीशी गुंतली की तो टोपली उचलायचा. साफ काच तिरपी धरून वरची कड ज्योतीवर जास्त ठेवायची, खालची जवळपास नाहीच. काजळी वर दाट बसली, खाली विरत गेली, अर्ध्यावर संपली. वर दुसरी काच ठेवून त्याने कडा कागदाच्या पट्टीने चिकटवल्या. इतकी सुरेख उतरण मुंबईवाल्यांनाही जमली नसती, याचा त्याला भर सुतकात आनंद झाला. झाला तो झाला.

दहाव्याला टोपली काढली. धुरपताबाई पिठावर वाकली आणि तशीच राहिली. पिठात पाऊल नव्हतं. दिव्याशेजारी एक अंगठा उमटला होता, पुरुषाचा, काजळीने काळा.

“उकंडा, कायले हात घातला रे?” ती एवढंच म्हणाली. “आता ती गेली कोठी, कोनाले समजन?”

त्या काचेने उकंडरावाचं नशीब उघडलं. पहिल्याच प्लेटवर ढग उतरले, कडांसकट. खाली नांगराने पाडलेले तास दिसले, मोहाचं पानन् पान दिसलं. दोन वर्षं तो पहाटे आणि सांजवेळी माळावर राबला आणि सगळ्यात चांगली प्लेट निवडून तिचा मोठा फोटो केला. तो चौकटीत बसवायला वाशीमला मेहबूबच्या दुकानात नेला. मेहबूब चौकटी करायचा आणि फोटोंना रंगही भरायचा, त्यामुळे त्याची नजर बारीक. त्याने फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

“माशाल्ला, काय आभाळ हाय उकंडभाऊ! पन ही बाई कोन उभी केली?”

“कोनती बाई?”

“ही नाई का, धुऱ्यावर. लुगडं चांगलं दिसते, किनारबी दिसते. डोस्क्याचा मात्र पत्ता नाई. काळंच हाय पुरं.”

उकंडरावाने पाहिलं. ज्याला तो आजवर बांधावरच्या तुटक्या झाडाचं खोड समजत होता, त्याला निऱ्या होत्या. खांद्यापर्यंत सगळं स्वच्छ. जिथे जमीन संपून आभाळ सुरू होतं तिथून वर, म्हणजे काजळी जिथे सुरू होते तिथून वर, नुसता काळा गोळा. यात नवल नाही, त्याने स्वतःला सांगितलं. क्षितिजाच्या वर जे जे डोकं काढील त्यावर काचेची सावली पडणारच. मोहाचा शेंडाही तसाच काळा आला होता. शेतात तण निंदणारी कुणीतरी मध्ये आली असेल.

निंदायला कुणी रुईफुली किनारीचं लुगडं नेसून येत नाही. हे त्याला घरी येता येता, छकड्यात सुचलं.

घरी त्याने जुन्या सगळ्या प्लेटा काढल्या. काच लावून काढलेल्या प्रत्येक प्लेटवर ती होती. आधीच्या प्लेटांत लांब, बोटभर. नंतरच्यांत जवळ. त्याने कधी काच वर सरकवली होती, कधी खाली, पण काजळी जिथे सुरू होई नेमकं तिथेच तिचं डोकं असे. काच न लावता काढलेल्या प्लेटांवर आभाळ पांढरं होतं आणि धुऱ्यावर कुणी नव्हतं.

विजयमाला कधी मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिने काळा गोळा पाहिला आणि विचारलं, “बाबा, आईचं तोंड कसं होतं?”

“तुले आठवत नाई?”

“नाई. लुगडं आठवते. तोंड नाई आठवत.”

आत्या रागाने म्हणाली, “एक कागद तरी करून ठेवायचा होता पोरीसाठी. जगाचे फोटू काढत हिंडला.” उकंडरावाच्या घरात बायकोचा एकही फोटो खरंच नव्हता. डोळे मिटून प्रयागबाईचा चेहरा आठवायला गेला तर त्यालाही नथ दिसली, कुंकू दिसलं, आणि मधली जागा रिकामी. तो हबकला. नागपूर त्याच्या डोक्यातून गेलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा एका तोंडाचा फोटो हवा होता.

तो विचार करणारा माणूस. त्याने सरळ हिशेब मांडला. टेकडीच्या माथ्यावरून पाहिलं तर खालचा माणूस कितीही उंच असो, त्याचं डोकं क्षितिजाच्या खालीच राहतं. म्हणजे काचेच्या साफ भागात. दुसऱ्या संध्याकाळी त्याने कॅमेरा माळामागच्या टेकडीवर चढवला आणि प्लेट घेतली. दुधी काचेवर त्याला नेहमीसारखंच उलटं शिवार दिसलं, रिकामं.

प्लेट धुतली. शिवार रिकामंच होतं, धुऱ्यावर कुणी नाही. पण उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, एक पट्टा होता. रुईफुलांची किनार. इतकी जवळची वस्तू धूसर यायला हवी, पण वीण न् वीण स्वच्छ आली होती. कुणी कॅमेऱ्याला घासून पुढे निघालं असावं तशी.

भिंगापुढे आता तिला उभं राहायला जागा उरली नव्हती.

हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. आपल्याला दिसत नाही ते पोरीला दिसेल, तिने तोंड कुठे आहे ते सांगितलं की काच तेवढी वर सरकवू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“पोरीले नको नेऊ,” आत्या म्हणाली.

“आईच हाय ना तिची?” तो म्हणाला, आणि आपण ‘होती’ऐवजी ‘हाय’ म्हणालो हे त्याला टेकडी चढताना जाणवलं.

टेकडीवर वारा पडला होता. खाली गुरं घराकडे निघालेली, त्यांच्या पायांची धूळ तांबूस झालेली. इतकी सुंदर संध्याकाळ त्या वर्षी झाली नव्हती. त्याने काजळीची काच भिंगापुढे बसवली, विजयमालेला पेटीवर उभं केलं आणि काळं कापड दोघांवरही ओढून घेतलं. मागून उजेड येऊ नये म्हणून दोन्ही कडा मुठीत गच्च धरल्या. आत एरंडेलाचा वास येत होता. काचेचाच असावा.

“काय दिसते?”

“झाड दिसते. उलटं.”

“आखीन?”

“ढोरं. तेबी उलटे.”

“आई दिसते?”

ती काचेवर वाकली.

“दिसते.”

त्याला काचेवर फक्त झाड आणि आभाळ दिसत होतं.

“तोंड दिसते? काळं नाई न?”

“नाई. चांगलं दिसते. नथ हाय.” ती हसली. “बाबा, सगळं उलटं हाय. आई तेवढी सुलटी हाय.”

उकंडरावाच्या मुठीतल्या कडा सुटल्या नाहीत. कापडाला कुठेही फट नव्हती.

तो मागे वळला नाही.

“बाबा,” विजयमाला हळूच म्हणाली, “आई म्हनते, आज उजेड बरा हाय.”