सहा माणसांची गॅलरी

फर्गस मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक अख्खं दार होतं. आडवं, दोन्ही हातांनी धरलेलं. त्या दाराखालून तो मेलबर्नच्या ऑगस्टमधल्या पावसात धावत येत होता आणि समोरून मी धावत होते. माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट. काँक्रीटच्या प्रयोगशाळेतून सुटून दहा मिनिटांत विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला नाटकाच्या वर्गात पोचायचं होतं, आणि छत्री ट्रॅममध्ये राहिली होती.

आम्ही आदळलो. दार चिखलात, तो दारावर, मी कशीबशी उभी.

"सॉरी, सॉरी —" तो उठला, त्यानं माझं हेल्मेट पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही... आजच आलात? तपासणी गुरुवारी आहे ना?"

मी खरं सांगणारच होते. पण पावसाचा एक थेंब त्याच्या भुवईवरून घरंगळत नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथंच लोंबकळत राहिला. तो इतका घाबरला होता, की थेंब पुसायचंही त्याला सुचेना. मला काय झालं कुणास ठाऊक.

"मी सांगून येत नसते," मी म्हणाले. "दाखवा."

विद्यार्थ्यांच्या नाट्यगृहात त्यांनी एका आडगावातला पब उभा केला होता. खाली बार, वर लाकडी गॅलरी. नाटक त्यानंच लिहिलं होतं आणि सुतारकामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं, कारण बाकी सगळ्यांना अभिनय करायचा होता.

"तिसऱ्या अंकात सहा जण वर नाचतात," तो अभिमानानं म्हणाला.

मी गॅलरी खालून पाहिली आणि माझी मस्करी जागच्या जागी विरली.

"ही कशावर उभी आहे?"

"या दोन ब्रॅकेटांवर."

"आणि?"

"आणि... आम्ही फार जोरात नाचत नाही."

मी मुकाट्यानं जिन्याला दोरी बांधली. "कुणीही वर जायचं नाही."

"अहो, शुक्रवारी पहिला प्रयोग आहे!"

"मग अँब्युलन्सलाही दोन तिकिटं पाठवा."

पंधरा मिनिटांनी नाटकाच्या वर्गात मी ओलं सँडविच खात बसले होते, तेवढ्यात दार उघडलं आणि तो आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. या आठवड्यापासून त्यानं वर्ग बदलून घेतला होता म्हणे. मला पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"तुम्ही... इथंही तपासणी करता?"

"नाही." माझे कान तापले. "मी इथं शिकते. पोपी."

माझी गोष्ट तेव्हा त्याला सांगावीच लागली. सिव्हिल इंजिनिअरिंग आणि आर्ट्स — दोन पदव्या एकदम, साडेपाच वर्षं. इंजिनिअरिंगवाल्यांना वाटतं मी अधूनमधून सुट्टीवर जाते. आर्ट्सवाले मला फक्त प्रोजेक्टर बिघडला की हाक मारतात.

"म्हणजे ती दोरी खोटी?" त्यानं शेजारची खुर्ची ओढली.

"दोरी खरी आहे. मी खोटी होते. गॅलरी पडणार, हे मात्र शंभर टक्के खरं."

तो हसला. डावीकडचा एक दात किंचित वाकडा होता आणि त्यामुळे ते हसू फारच बिनधोक वाटलं... धोका तिथंच होता.

"मग आता तूच ती उभी करून दे," तो म्हणाला. तुम्हीवरून तूवर यायला त्याला एवढंसं वाक्य पुरलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी आकडेमोड करायची, त्यानं लाकूड कापायचं. मी पेन्सिल कानावर ठेवायची. तो तीच पेन्सिल घ्यायचा, त्याच्या कानावर दोन असताना.

"सहा जणांचं वजन पाचशे किलो धरू," मी म्हणायची. "नाचणार म्हणून वाढवून साडेसातशे."

"प्रेमात पडलेली माणसं जड होतात का?"

"कुणी पडलंय का?"

"नाटकात, गं. मी नाटकाचं बोलतोय."

"नाटकात वेगळा आकडा नसतो."

मग दोघंही उगीच फळीकडे बघत बसायचो.

या सगळ्यात माझ्या बॅगेत एक फॉर्म होता. आर्ट्स सोडायचा. आर्ट्स सोडलं तर वर्षभरात इंजिनिअर, आणि पर्थच्याही उत्तरेला, खाणीच्या रेल्वेपुलांवर नोकरी — पत्र हातात आलेलं. शुक्रवारी पाचच्या आत फॉर्म द्यायचा होता. घरी सगळ्यांना हे माहीत होतं. माझे बाबा — लेफ्तेरिस, सगळ्यांचे लेफ — तीस वर्षं लोकांच्या घरांचे काँक्रीटचे स्लॅब ओततात. कुणी भेटलं की म्हणतात, "ही माझी मुलगी, इंजिनिअर होणार." मग खोकतात आणि खोकल्यातच पुढचं उरकतात, "...आणि ते दुसरं काहीतरी."

शुक्रवारी दुपारी तेच बाबा छोट्या ट्रकमधून लोखंडी टेकू आणि सिमेंटच्या वीस-वीस किलोच्या तीस गोण्या घेऊन आले. त्यांनी नवी गॅलरी ठोकून पाहिली, फर्गसला आपादमस्तक पाहिलं आणि मला ग्रीकमध्ये विचारलं, "हा काय शिकतो?"

"आर्ट्स."

"आणि?"

"आणि काही नाही, बाबा. नुसतं आर्ट्स."

"नुसतं?" बाबा गोणीवर बसले.

गोण्या वर चढवल्या. सहाशे किलो. गुरुवारी आलेल्या खऱ्या तपासनीसानं सांगितलं होतं, तासभर भार ठेवायचा आणि गॅलरी किती वाकते ते मोजायचं. पण दीडशे किलो कमी पडत होते आणि कलाकार मंडळी मेकअपला गेली होती. मी बासष्ट किलोची. फर्गस एक्क्याऐंशी.

"सात कमी," मी म्हणाले.

बाबांनी ट्रकमधून आईनं पाठवलेला मुसाक्याचा ट्रे आणला. "यात वांगी कमी आणि खिमाच जास्त. सात नक्की भरेल."

कुठल्याही प्राध्यापकानं हे पाहिलं असतं तर मला तिथंच नापास केलं असतं. पण टेकू गॅलरीच्या बोटभर खाली उभे होते. ती बसलीच असती तर त्यांच्यावर बसली असती. आम्ही वर चढलो. बाबा बाजूला स्टुलावर मोजपट्टी घेऊन बसले.

"तीन मिलीमीटर!" ते ओरडले. "तासभर हलू नका."

मी एका टोकाला, कानावर आज पेन्सिलीऐवजी सहीसाठी आणलेलं पेन. तो दुसऱ्या टोकाला. मध्ये सिमेंट आणि मुसाका.

"पोपी," तो हळूच म्हणाला, "काल तू पेन्सिल शोधत होतीस तेव्हा बॅगेतून एक कागद पडला. मी वाचला नाही. म्हणजे... शीर्षक वाचलं."

मी समोरच्या गोण्या पुन्हा मोजायला लागले.

"तू जावंस असं मला वाटतं की नाही, ते मी सांगणार नाही. पूल मोठे असतील. आमच्या गॅलरीपेक्षा तर नक्कीच." तो सिमेंटच्या गोणीची शिवण उसवायला लागला. "पण दोरी बांधताना तुझा चेहरा मी पाहिलाय. आणि परवा वर्गात, नाटकातली ती बाई शेवटपर्यंत गप्प का राहते यावर तू बाकावर मूठ आपटून भांडलीस, तेव्हाचाही. मला ते दोन चेहरे वेगळे वाटले नाहीत."

"इंजिनिअरिंगच्या पुस्तकात उत्तरं मागच्या पानावर असतात," मी म्हणाले. "मला ती आवडतात. पण त्या बाईचं उत्तर मागच्या पानावर नव्हतं, आणि त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेले, ट्रॅम घ्यायचं विसरून. मला... मला दोन्ही हवंय, फर्गस. दमायला होतं. तरी हवंय."

बाजूनं खोकण्याचा आवाज आला. बाबा तिथं आहेत, हे आम्ही साफ विसरलो होतो.

"पोपी, त्या फॉर्मवर सही केलीस?"

"नाही, बाबा."

बाबांनी मोजपट्टी पुन्हा एकदा गॅलरीला लावून पाहिली.

"मग ते पेन खाली टाक," बाबा म्हणाले. "उगाच वजन वाढतंय."

मी पेन खाली टाकलं. फर्गस मुसाक्याला वळसा घालून माझ्या बाजूला सरकला, मीही थोडी मध्याकडे सरकले.

"दोन पदव्यांबरोबर..." तो अडखळला. "तिसरं काही घेता येतं का? पदवी नाही. माणूस."

"अभ्यासक्रम बघावा लागेल."

"मोठा नाहीये. सोपा आहे. तुझ्यावर प्रेम करतो, एवढाच धडा आहे."

"किती दिवस?"

"तू खोटं बोललीस त्या मिनिटापासून."

मी त्याच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहिलं. मग ओठांकडे. मग बघायचं सोडून दिलं...

"चार मिलीमीटर!" बाबा ओरडले. "दोघं मध्यभागी आलात काय?"

आम्ही दचकून बाजूला झालो. मग पुन्हा जवळ आलो, कारण नियम म्हणून बघितलं तर गॅलरीला काहीच झालं नव्हतं. त्याचा हात सिमेंटनं खरखरीत झाला होता आणि माझाही. बोटं एकमेकांत अडकली ती सुटेनात.

"झाला तास," शेवटी बाबा म्हणाले. "पास. उतरा."

"बाबा... अजून अर्धा तास ठेवायला हवा."

"कुठल्या नियमात लिहिलंय?"

मी तोंड उघडलं. चार वर्षं सगळे नियम पाठ केलेत मी, कलमांच्या आकड्यांसकट. एकही आठवेना. शेजारी फर्गस हसू दाबत होता, त्यानं सबंध गॅलरी हलत होती.

खाली मोजपट्टी मिटल्याचा आवाज आला. स्टूल सरकलं.

"मी कॉफी घेऊन येतो," बाबा म्हणाले. दारापाशी जाऊन ते थांबले. "समोरच्या दुकानातली पाणचट असते. लांबच्या दुकानातून आणतो."